दाजींची आकाशमोजणी

मुंबईच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंत अंतर किती आणि ते काटायला वेळ किती लागतो, हे दोन प्रश्न ज्यांना सरळ व निरुपद्रवी वाटत असतील, त्यांनी एखाद्या सेवानिवृत्त निमतानदाराच्या संगतीने हा प्रवास एकवार करून पाहावा, अशी माझी सविनय शिफारस आहे. मला हा योग आला तो आमच्या दाजींमुळे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांमुळे. दाजींची सारी हयात मोजणी खात्यात गेली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी वाहणाऱ्या शिपायाला पुढे घालून त्यांनी माण-खटावच्या माळरानावर इतके बांध मोजले, इतक्या भाऊबंदांच्या तक्रारी ऐकल्या आणि इतके पंचनामे लिहिले, की जगातील यच्चयावत वस्तू कोणत्या ना कोणत्या गट नंबरात मोडते आणि तिच्या चतुःसीमा कुठल्या तरी दप्तरात नमूद असतातच, अशी त्यांची धर्मश्रद्धा होऊन बसली आहे. दोन हद्दीच्या दगडांमधले अंतर एकच असते, हे त्यांचे आद्य सूत्र. आणि मोजणाऱ्यागणिक ते बदलत असेल तर दोष अंतराचा नसून मोजणाऱ्याच्या नियतीचा असतो, हे त्याचे उपसूत्र.

या श्रद्धेला नोकरीत एकदा तडा गेला होता, आणि तो अद्याप बुजलेला नाही. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेल्याने त्यांनी मोजणीच्या गावी पोचण्यासाठी निम्म्या तालुक्याला वळसा घातला, आणि प्रवासभत्त्याचे बिल यथानियम सादर केले. ते महिन्याभराने वरच्या कचेरीतील तपासनिसाच्या शेऱ्यासह परत आले. जवळचा मार्ग उपलब्ध असता लांबच्या मार्गाने जाण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा मागविणारा तो शेरा दाजींना अजून मुखोद्गत असून, फाजील रक्कम पगारातून वसूल झाल्याची हळहळ दर महिन्याला पेन्शनबरोबर त्यांच्या खात्यावर नव्याने जमा होते. तेव्हापासून कोणत्याही प्रवासाला निघताना दाजी आधी जवळचा मार्ग कोणता ते निश्चित करतात, आणि मग घरच्या मंडळींना कुठे जायचे आहे ते विचारतात.

माझी भाची आणि जावई कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावी राहतात; त्या मुलखात पुणेकरांची वसाहत आता इतकी दाट झाली आहे की, ओळखीचा माणूस भेटू नये असे वाटत असेल तर घराबाहेर न पडणे हाच एक उपाय शिल्लक उरतो. त्यांनी आम्हां तिघांची तिकिटे काढून पाठविली, तेव्हा अक्काने प्रथम वार पाहिला, मी खिडकी कोणाच्या वाट्याला येते ते पाहिले, आणि दाजींनी अंतर पाहिले. तिकिटावर अंतर नव्हते. लाल डब्याच्या तिकिटावरसुद्धा टप्पे छापलेले असतात, आणि इथे लाखांच्या घरातली रक्कम घेऊन किलोमीटरचा साधा उल्लेखही नाही, हा दस्तऐवज सदोष आहे, असा अभिप्राय देऊन त्यांनी मोजणीचे काम स्वतःच अंगावर घेतले.

शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल मागवण्यात आला. अक्काच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा निघाला. त्याचे एक टोक दाजींनी मुंबईवर अंगठ्याने दाबून धरले, दुसरे मी सॅन फ्रान्सिस्कोवर धरले, आणि दोरा ताणला. तेव्हा तो अरबस्तानाकडेही गेला नाही आणि चीनकडेही गेला नाही, तर नाकासमोर उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून, राजस्थानवरून काराकोरमवर चढला, सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या अलीकडच्या गोठलेल्या समुद्रात शिरला, आणि पलीकडच्या बाजूने अलास्कावरून कॅलिफोर्नियात उतरला. दाजी स्तब्ध झाले. शाळेच्या भिंतीवर त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या नकाशात अमेरिका ही डाव्या हाताला, आफ्रिकेच्या पलीकडे होती, व तिकडे जायचे ते पश्चिमेलाच, याविषयी त्यांच्या मनात कधी संदेह उद्भवला नव्हता. हा नकाशा गेरार्ड मर्केटर नावाच्या गृहस्थाने १५६९ साली दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठी काढला, त्यात दिशा बरोबर राहाव्यात म्हणून त्याने उत्तरेकडचे प्रदेश फुगविले, आणि त्यामुळे वस्तुतः आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढे असलेले ग्रीनलंड त्यात आफ्रिकेच्या बरोबरीला येऊन बसते, एवढे मी त्यांना सांगितले. ते ऐकून दाजींनी क्षणभर डोळे मिटले.

"असला मोजणीदार माझ्या हाताखाली असता," ते म्हणाले, "तर त्याच दिवशी निलंबित केला असता. आणि याचा नकाशा साडेचारशे वर्षे शाळेत लावतात!"

दोरा पट्टीवर ठेवून त्रैराशिक मांडले, तेव्हा अंतर भरले सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. दाजींनी त्याचे कोस केले: दोन मैलांचा कोस धरला तर चार हजार दोनशेच्या आसपास. मग विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर धरून भागाकार केला, पंधरा तास बरोबर आले, बाकी शून्य. बाकी शून्य आली की दाजींना ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाल्याचा आनंद होतो. तो आनंद त्या दिवशी चहा येईपर्यंत टिकला. कारण चहा घेता घेता त्यांनी तिकिटावरच्या वेळा वाचल्या. विमान मुंबईहून मंगळवारी दुपारी अडीचला निघणार होते आणि सॅन फ्रान्सिस्कोला मंगळवारीच संध्याकाळी सहाला पोचणार होते.

साडेतीन तासांत साडेतेरा हजार किलोमीटर म्हणजे ताशी साडेअडतीसशेहून अधिक, ध्वनीच्या तिपटीवर. काँकॉर्ड विमान दुपटीच्या जरासे पुढे जाई, आणि तेही २००३ साली मोडीत निघाले. ही घड्याळांची करामत आहे, आपले घड्याळ त्यांच्या घड्याळापुढे उन्हाळ्यात साडेबारा तास धावते, हे दाजींना समजत नव्हते असे नाही. पण समजणे वेगळे आणि दप्तरी मान्य करणे वेगळे. मी त्यांना मुंबईचेच उदाहरण दिले. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारा हा 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत त्या शहरात कुठे ना कुठे जिवंत होता, आणि तोवर एकाच रस्त्यावरून चालताना एका घड्याळाप्रमाणे वेळेवर व दुसऱ्याप्रमाणे उशिरा पोचण्याची सोय मुंबईकराला विनासायास उपलब्ध होती. दाजी म्हणाले, "म्हणूनच ते शहर असे झाले."

प्रस्थानाच्या दिवशी आम्ही पुण्याहून पहाटे पाचला निघालो. पुणे ते सहार हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आत-बाहेर. त्याविषयी कोणाचा वाद नाही, मर्केटरचाही नाही. परंतु द्रुतगती मार्गाच्या नावातील गती ही खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या स्वाधीन केलेली असते, आणि ज्या मार्गिकेतून जड वाहनांनी जाऊ नये अशी पाटी आहे तिच्यातून दोन जड वाहने एकमेकांशी समांतर, अत्यंत सौजन्याने, कोणी कोणाला मागे टाकणार नाही अशा बेताने चढत असतात. त्यांच्या मागे आमची गाडी, आमच्या मागे अवघा महाराष्ट्र. खालापूरच्या टोलनाक्यावर चहा झाला, पनवेलला ऊन लागले, वाशीच्या पुलावर अक्काचा जप पुरा झाला, आणि चेंबूरपासून सांताक्रूझकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर आमचे उड्डाण इतका वेळ थांबले की खालच्या वस्तीतील एका बाईने दोरीवर वाळत घातलेले कपडे वाळून आत गेलेले आम्ही पाहिले. दहाला आम्ही सहारला पोचलो. पाच तास! दाजींनी खिशातील डायरीत दोन नोंदी शेजारी शेजारी केल्या: पुणे ते मुंबई, पाच तास; मुंबई ते अमेरिका, साडेतीन तास. आणि पुढे कंसात, खात्यातील जुन्या सवयीने, 'पडताळणी बाकी'.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागल्या, म्हणजे जवळजवळ दोन महिने पाण्यावर होत्या. आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्यालाही कैरो व जिनिव्हा असे दोन मुक्काम करीतच जावे लागले. ही माहिती मी सुरक्षातपासणीच्या रांगेत अक्काला धीर यावा म्हणून सांगितली. तिने शांतपणे विचारले, "त्यांना जोडे काढायला लावले होते का रे?"

विमान सुटले तेही एक प्रकरणच. दार बंद झाले, यान मागे ढकलले गेले, आणि मग ते एका लांबलचक रांगेत जाऊन उभे राहिले. कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात आणि एका वेळी दोहोंचा स्वतंत्र उपयोग करता येत नाही. विमान कंपन्या प्रवासाचा काल मोजतात तो चाके जागची हलल्यापासून ती पलीकडच्या दारापाशी थांबेपर्यंत, म्हणजे रांगेत उभे राहणे हाही अधिकृत प्रवासच, हे कळल्यावर दाजींचा त्या कंपन्यांविषयीचा आदर एकदम वाढला. मोजणीच्या गावी तलाठ्याची वाट पाहत पारावर घालविलेले त्यांचे कित्येक दिवस कोणी कधी हिशेबात धरले नव्हते.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. दाजींनी दोऱ्याची वाट मनात धरून ठेवली होती, आणि विमानाने आकाशात स्थिर झाल्याबरोबर उत्तरेचा रोख धरावा अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. विमान पूर्वेला वळले. ते नागपूरच्या बाजूला निघाले, मग बंगालच्या, आणि पुढे ब्रह्मदेशाची हद्द दिसू लागली, तेव्हा दाजींनी डोक्यावरची घंटी दाबली. आलेली परिचारिका डोंबिवलीची निघाली, ही त्या दिवसातली पहिली अनुकूल घटना.

"बाई, हा मार्ग जवळचा नाही," दाजी तिला तपासनिसाच्या गांभीर्याने म्हणाले.

"नाही काका," ती म्हणाली, "पण लवकरचा आहे. वारा आहे ना."

इतके संक्षिप्त आणि इतके संपूर्ण उत्तर मी कोणत्याही सरकारी पत्रव्यवहारात वाचलेले नाही. समशीतोष्ण कटिबंधावर, नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे अत्यंत वेगवान वाऱ्याचे प्रवाह वाहतात, ताशी दोनशे किलोमीटर व कधी त्याहूनही फार वेगाने. जपानवर तर हिवाळ्यात त्यांना उधाण येते. त्यांच्या पाठीवर बसून गेले तर लांबचा पल्ला आधी संपतो, आणि त्यांच्या तोंडावर चालून गेले तर जवळचाही संपत नाही. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१६ च्या ऑक्टोबरपूर्वी अटलांटिकवरून जाई, ती वाट १३,९०० किलोमीटरांची. त्या महिन्यात ते प्रशांत महासागरावरून नेले, ती १५,३०० किलोमीटरांची. चौदाशे किलोमीटर अधिक तुडवून विमान पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी, साडेचौदा तासांत पोचले. मी हे आकडे दाजींना सांगितले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला तो मी वर्णू शकत नाही. एवढेच सांगतो, की ओढ्यावरचा पूल, परत आलेले बिल आणि पगारातून गेलेली रक्कम ही त्यांच्या डोळ्यांपुढून क्रमाने सरकत असावीत. चौदाशे किलोमीटरांचा वळसा, आणि तपासनिसाचा एक शेरा नाही!

या वाऱ्याचा शोध कोणी लावला, ही कथा तर त्यांना विशेष भावली. १९२० नंतरच्या दशकात वासाबुरो ओइशी नावाचा एक जपानी वेधशाळाधिकारी तातेनो येथून फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी करीत होता. ते फुगे पूर्वेकडे भलत्याच वेगाने पळतात हे त्याने पाहिले, नीट मोजले, नोंदविले, आणि आपला अहवाल साऱ्या जगाला कळावा या सद्‌हेतूने त्याने तो १९२६ साली एस्परान्तो या विश्वभाषेत प्रसिद्ध केला. त्यामुळे तो जगात जवळजवळ कोणीही वाचला नाही. पुढे १९४४ साली जपानवर बाँब टाकायला निघालेल्या अमेरिकन वैमानिकांना याच वाऱ्याने अडविले, तेव्हा त्यांना हा अद्भुत चमत्कार वाटला. आणि त्याच हिवाळ्यात जपान्यांनी कागदी फुग्यांना बाँब बांधून ते याच वाऱ्यावर अमेरिकेकडे हजारोंनी सोडले. अचूक मोजणी करावी, विहित नमुन्यात अहवाल पाठवावा आणि तो वर्षानुवर्षे कोणी उघडू नये, हे दाजींनी जन्मभर सोसले होते. "बिचारा," ते म्हणाले, आणि ओइशीच्या स्मरणार्थ त्यांनी संत्र्याचा रस मागविला.

परंतु वारा हा एकच जहागीरदार आकाशात नाही. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशाची मालकी पूर्णत्वाने दिलेली आहे, आणि त्या मालकीपोटी वरून जाणाऱ्या विमानांकडून महसूलही वसूल केला जातो. डोक्यावरून गेलेल्या वस्तूवर जकात बसविण्याची कल्पना आमच्या जुन्या जमाबंदीत कोणाला सुचली नाही हे रयतेचे भाग्य. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना दूरचा वळसा पडला. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २०२२ साली रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या विमानांना मिटले, पण हिंदुस्थानच्या विमानांना उघडे राहिले. म्हणजे दोन गावे तीच, आणि त्यांच्यामधले अंतर विमानाच्या शेपटीवर कोणाचा झेंडा रंगविला आहे त्यावर ठरते. तिबेटच्या पठारावर तर भांडण कोणाशीच नाही, तरीही विमाने ते टाळतात. कारण आतील हवेचा दाब गेला तर यानाला ताबडतोब तीन हजार मीटरांवर उतरावे लागते, आणि तिथे जमीनच त्याच्याहून उंच आहे.

हे सर्व दाजींनी फार लक्षपूर्वक ऐकले, आणि शेवटी आपल्या अधिकारक्षेत्रातला प्रश्न सापडल्याच्या समाधानाने म्हणाले, "हा तर वहिवाटीच्या रस्त्याचा वाद आहे. मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट, १९०६, कलम पाच. बांधावरची काटेरी कुंपणे मी किती पाहिली! अर्ज कोणीच केला नाही का?"

२०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनाच्या दोषामुळे सैबेरियाच्या पूर्वेकडील मगदान या गावी उतरले होते, आणि त्यातील उतारूंना मुंबईहून दुसरे विमान येईपर्यंत तेथे राहावे लागले होते; ही हकीकत माझ्या जिभेवर आली होती, परंतु अक्का जागी होती, म्हणून मी ती गिळली.

आणि अक्काचे तर स्वतंत्रच प्रकरण चालू होते. तो मंगळवार म्हणजे अंगारकी होती. तिकिटावर तिने सर्वांआधी वार का पाहिला याचा उलगडा मला तेव्हा झाला. एकवीस संकष्ट्यांचे पुण्य एका अंगारकीला, हा हिशेब सर्वश्रुत आहे. पण उपास सुटतो तो चंद्रोदयाला, आणि विमानात चंद्रोदय किती वाजता, हे कालनिर्णयात दिलेले नाही. त्यात पुण्याची वेळ होती, नऊ वाजून काही मिनिटे. अक्का राजगिऱ्याचे लाडू आणि खव्याचे मोदक डब्यात घेऊन निश्चिंत बसली होती. पण पूर्वेकडे पळणाऱ्या विमानात सूर्य काही वेगळ्याच घाईने मावळतो. आमच्या घड्याळात जेमतेम सव्वापाच होत असताना बाहेर अंधार पडला, आणि साडेसहा उलटून गेल्यावर, चीनवर कुठे तरी, उजव्या खिडकीशी बसलेल्या एका तरुणाने आपल्या खिडकीचा पडदा सहज वर केला, तो ढगांच्या कडेला तांबूस, किंचित चेपलेला चंद्र वर येत होता.

घरी पुण्यात अजून ऊन रेंगाळत असेल, आणि इथे चंद्र! अक्का गोंधळली. पुण्याचा चंद्र उगवायचा होता. मग हा कोणाचा? प्रकरण दाजींकडे निर्णयासाठी गेले. त्यांनी कालनिर्णयाचे पान पाहिले, खिडकीकडे पाहिले, चष्मा पुसला, आणि एका वाक्यात निकाल दिला: "कागदावरची नोंद आणि प्रत्यक्ष स्थळपाहणी यांत विरोध आला, तर स्थळपाहणी ग्राह्य." त्या तरुणाच्या मांडीवरून वाकून अक्काने अक्षता वाहण्याचा विचार केला, तो मी मोठ्या मिनतवारीने रहित करविला; पण नैवेद्य दाखविला गेला, आणि खिडकीच्या मालकीपोटी त्या तरुणाला दोन मोदक मिळाले. तो तेलुगू होता. त्याने पाच खाल्ले.

जपान मागे पडला तो झोपेत. पुढे प्रशांत महासागर, आणि त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, कारण त्यात काही नव्हते. पडद्यावर चार-पाच तास निळा रंग आणि एक पांढरे विमान, जे हलत आहे असे कंपनीचे म्हणणे होते. जेथे आम्ही होतो तेथे मध्यरात्र उलटून बुधवार लागला होता. तो तीनएक तास टिकला. मग क्षितिज उजळले आणि त्याच सुमारास यानाने वाररेषा ओलांडली. अलीकडे बुधवारची पहाट होती, ती पलीकडे जाताच मंगळवारची झाली. मी हे हळू आवाजात दाजींना सांगत होतो, पण मंगळवार हा शब्द अक्काने झोपेतही ऐकला असता.

"पुन्हा मंगळवार?" ती उठून बसली. डोंबिवलीची परिचारिका चहा घेऊन आली होती, तिला तिने साक्षीला बोलाविले.

"हो काकू, अमेरिकेत आज मंगळवारच आहे. तिकडे आता सकाळचे अकरा वाजलेत."

"म्हणजे अंगारकी?"

परिचारिकेच्या शिक्षणक्रमात हा प्रश्न नसावा. तिने माझ्याकडे पाहिले, मी दाजींकडे पाहिले, आणि दाजी पडद्याकडे पाहू लागले. पुण्यातील मध्यरात्रीपासून मोजला तर कॅलिफोर्नियातील मध्यरात्रीपर्यंत हा मंगळवार साडेछत्तीस तासांचा होता. त्यात दोन सूर्योदय, दोन सूर्यास्त, आणि, अक्काच्या ध्यानात आले त्याप्रमाणे, दोन चंद्रोदय. एका तिकिटात दोन अंगारक्या. बेचाळीस संकष्ट्यांचे पुण्य. तिने चहा परत केला, कारण बिस्किटे बशीला लागली होती, आणि राजगिऱ्याचा डबा पुन्हा वर काढला.

सहाच्या सुमारास विमान उपसागरावरून इतके खाली आले की पाण्यावरच उतरते आहे अशी खात्री होऊन दाजींनी पाय वर घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्ट्या पाण्यात पुढे आलेल्या आहेत. परवाना तपासणाऱ्या अधिकाऱ्याने दाजींना येण्याचे प्रयोजन विचारले. मुलीला भेटणे, हे उत्तर मी त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते. त्यांनी ते दिले, आणि नंतर स्वेच्छेने, मार्ग लांबचा घेतला असला तरी वाऱ्याच्या कारणास्तव तो समर्थनीय आहे, असे पुरवणी निवेदन इंग्रजीत केले. अधिकाऱ्याने शिक्का मारला. दाजी बाहेर येऊन म्हणाले, "खुलासा मान्य झाला."

बाहेर जावई गाडी घेऊन उभे होते. सनीव्हेल तेथून पंचेचाळीस किलोमीटर. परंतु संध्याकाळी एकशे एक क्रमांकाच्या हमरस्त्यावर पाच-पाच मार्गिकांतून मोटारी इतक्या शिस्तीने उभ्या असतात की खंडाळ्याच्या घाटाची आठवण येऊन आम्हाला एकदम घरी आल्यासारखे वाटले. जावयांनी अदबीने विचारले, "दाजी, प्रवास किती तासांचा झाला?" भाचीने त्यांना कोपराने ढोसले, पण उशीर झाला होता. डायरी निघाली. आकाशात, चाके सुटल्यापासून चाके टेकेपर्यंत, एक आकडा, दारापासून दारापर्यंत दुसरा, घड्याळाप्रमाणे तिसरा, पुण्याच्या उंबरठ्यापासून आतापर्यंत अठ्ठावीस तासांवर चौथा, आणि तो अजून चालू, कारण समोरची मोटार हलत नव्हती. यांपैकी कोणता दप्तरी दाखल करावा हे जावयांनीच सुचवावे, असे दाजी म्हणाले. जावई संगणकशास्त्रातले पदवीधर. ते गप्प राहिले.

घरी पोचलो तो भाचीनेही उपास धरलेला. तिथल्या देवळाच्या दिनदर्शिकेत त्या रात्री अंगारकीच होती, चंद्रोदय अकरानंतर. दाजींचा मुद्दा असा, की एकदा सुटलेला उपास त्याच वारी पुन्हा लागू होत नाही, निकाल झालेल्या प्रकरणात फेरचौकशीला जागा नाही. अक्काचा मुद्दा असा, की स्थळपाहणी ग्राह्य हे तुम्हीच म्हणालात. उकडीचे मोदक झाकून ठेवलेले होते आणि घरात वास दरवळत होता, पण कोणाचीच छाती झाली नाही. दाजी आरामखुर्चीत बसल्या बसल्या झोपले. त्यांच्या देहाच्या घड्याळात तेव्हा बुधवारची भरदुपार होती.

वेळ जावा म्हणून जावयांनी परतीच्या प्रवासाचा विषय काढला. इकडून सोमवारी रात्री नऊला निघायचे, आणि मुंबईला बुधवारी पहाटे उतरायचे; मधला मंगळवार आकाशात, तोही नावापुरता. येताना जे साडेबारा तास फुकट मिळाले, त्यांची तेव्हा वसुली होईल, असे ते हसत म्हणाले. वसुली हा शब्द कानी पडताच दाजी खडबडून जागे झाले. अक्का मात्र चिंतेत पडली. मंगळवार असा मधल्यामध्ये गिळला जाणे तिला मंजूर नव्हते. तिने भाचीकडून कालनिर्णय मागविले, परतीच्या तारखेवर बोट ठेवले, पुढची चतुर्थी कुठे येते ते पाहिले, मागची पाहिली, पान उलटून पुन्हा पडताळले, आणि तो मंगळवार अगदीच साधा असल्याची खात्री झाल्यावर कालनिर्णय मिटून म्हणाली, "घेऊ द्या त्यांना. त्यात काही नाहीये."